घाटाआधीची मोजदाद

बमरोलीला चढ नाही आणि उतारही नाही. तापीच्या गाळावर वसलेल्या सुरतेच्या या दक्षिण भागात चढण म्हणून काय ती उड्डाणपुलांची. तरीही मोटारीचे ब्रेक येथे जितके झिजतात तितके उघड्या हमरस्त्यावर झिजत नाहीत. पांडेसऱ्याकडून कापडाचे ताके लादून येणारे टेम्पो, रिक्षा, सायकली आणि पाळी सुटलेल्या कामगारांची रीघ यांतून वाट काढताना पाय ब्रेकवरून उचलावा कधी, असाच प्रश्न पडतो. मात्र ही झीज गावात जाणवत नाही. वेगच इतका कमी असतो की अर्धेमुर्धे ब्रेकही गाडी थांबवितात. त्यांची खरी परीक्षा व्हावयाची ती चैत्रात.

बमरोली-उधन्यातल्या खानदेशी घरांना हे सांगावयास नको. सप्तशृंगीचे दर्शन घेतल्याशिवाय आमच्याकडे चैत्र सरत नाही. वांसदा, वघई करीत सापुताऱ्याचा घाट चढावयाचा, पुढे वणी, नांदुरी आणि मग गडाचा घाट. ऐन यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवितात, म्हणून आम्ही यात्रेआधी जाऊन येतो. गाडीत आम्ही उभयता, दोन मुले आणि सत्तरी उलटलेल्या मातोश्री. निघण्यापूर्वी गाडी तपासून घेण्याचा प्रघात आम्ही कधी मोडला नाही.

यंदा गॅरेजमधले मिस्त्री म्हणाले, ''काका, पॅड बदलायला झाले आहेत. डिस्कही बदला.'' आमचे थोरले बंधू सोबत होते. त्यांचे मत अगदी उलट पडले. ''अरे, गाडी जागच्या जागी उभी राहते. पॅड अजून दिसताहेत. उगाच कशाला खर्च?'' दोघांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण दोघांनीही काही मोजले नव्हते. ज्या शहरात हिऱ्याचे वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत तोलले जाते, तेथे माणसांच्या जिवाची बाब मात्र अंगठा फिरवून ठरवावी, हे आम्हांला पटेना.

मोजावयाचे ते काय? पॅड म्हणजे पोलादी पट्टीवर बसविलेला घर्षणाचा थर. पट्टी सोडून हा थर नवा असताना बहुधा दहा-बारा मिलिमीटर असतो आणि तीनवर आला की बदलावा असा सर्वसाधारण संकेत आहे. चाकाच्या आऱ्यांतून डोकावले तर बाहेरचाच पॅड दिसतो. आतला पुष्कळदा अधिक झिजलेला असतो, म्हणून चाक उतरविल्याविना निकाल देऊ नये. काही पॅडांना पत्र्याची एक जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते. पण ती सर्वच पॅडांना नसते, तेव्हा आवाज नाही म्हणजे सारे आलबेल असे समजू नये.

डिस्कचे गणित याहून सोपे आहे, कारण तिची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते. आमच्या डिस्कवर 20 मिलिमीटर असा आकडा होता; नवी असताना ती 22 ची होती. शेजारच्या लेथवाल्यांकडून मायक्रोमीटर आणविला. येथे एक खुबी सांगून ठेवतो. झिजलेल्या डिस्कच्या कडेला न घासलेली एक उंच किनार उरते. साधा व्हर्निअर त्या किनारीवरच अडतो आणि जाडी फुगवून सांगतो. किनारीच्या आत, तीन-चार ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आकडा खरा मानावा. आमचा आकडा आला 20.6. आतल्या पॅडचा थर भरला चार मिलिमीटर.

बंधू लगेच म्हणाले, ''बघ, दोन्ही हद्दीच्या आतच आहेत!'' होतेही. परंतु त्या डिस्कवर पॅडांचा हा दुसरा जोड संपत आला होता. दोन जोडांनी मिळून 1.4 मिलिमीटर खाल्ले, म्हणजे एका जोडाला सुमारे 0.7. शिल्लक 0.6. नवे पॅड जुन्या डिस्कवर चढविले असते, तर ते पुरते झिजण्याआधीच डिस्क हद्दीखाली गेली असती आणि चाके पुन्हा उतरवावी लागली असती. निदान आमच्या गाडीपुरते मिस्त्रींचे म्हणणे बरोबर निघाले. डिस्क 21.5 भरली असती तर मात्र आम्ही नुसते पॅड घेऊन घरी आलो असतो.

आता घाटाचे काय? पाच माणसांसह गाडी तेराशे किलो धरा आणि उतार पाचशे मीटरचा. नुसत्या ब्रेकवर उतरल्यास त्यांतून जी उष्णता निघेल तिने वीस लिटरांहून अधिक पाण्याला उकळी येईल. बहुतेक भार पुढच्या दोन डिस्कांवर. पातळ डिस्क लवकर तापते. तापलेल्या पॅडची पकड ढिली पडते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, आणि आमच्या सुरतेच्या दमट हवेत ओलीला काय तोटा? डॉट 3 प्रतीचे नवे तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषल्यावर तेच 140 अंशांवर उकळू शकते. तेलात वाफ धरली की पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी तेल बदलावे असे बहुतेक कंपन्या सांगतात. आम्ही तेही याच वेळी करविले. अर्थात उतारावर ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम कोणत्याही डिस्कने रद्द होत नाही.

बिल ऐकून सौभाग्यवतींच्या कपाळावर आठी चढली. ''अहो, एकाच बाजूची बदलली असती तर?'' तसे करता येत नाही. एकाच आसाच्या दोन्ही चाकांना सारखा माल हवा, नाहीतर जोरात ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. त्यांना हे लगेच पटले. पाटल्यांचा जोड मोडून एकच घडविण्यासारखे ते, असे त्याच म्हणाल्या.

मिस्त्रींचा पोऱ्या हवेच्या नळीने ब्रेकची धूळ उडवू लागला, तेव्हा त्याला आम्ही थांबविले आणि ओल्या फडक्याने पुसावयास लावले. जुन्या पॅडांत ॲस्बेस्टॉस असे, आणि आजची धूळही छातीत जाण्याजोगी नव्हे. नंतर भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, बंधूंना शेजारी बसवून मध्यम वेगावरून गाडी हळूहळू मंद करण्याचा क्रम वीसेक वेळा केला. पूर्ण थांबविली नाही आणि मध्ये डिस्क निवू दिल्या. नवे पॅड नव्या डिस्कवर असेच बसवावे लागतात. पहिले काही दिवस पकड थोडी कमी असते, म्हणून हे काम निघण्याच्या आदल्या रात्री न करता आठवडाभर आधी उरकलेले बरे. आम्ही येत्या रविवारी पहाटे निघत आहोत. बंधूही येणार आहेत, त्यांच्या गाडीतून. काल संध्याकाळी ते मायक्रोमीटर मागावयास आले होते.