शंभर नंबरची फिल्म

विद्यार्थी मित्रांनो, मोबाइल हातात आला की तुम्ही पटापट दहा फोटो काढता. त्यातले नऊ पुसून टाकता आणि एक ठेवता. माझ्या लहानपणी असे नव्हते. तेव्हा कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरावा लागे. एका रोलवर साधारण 36 फोटो निघत. काढलेला फोटो पुसता येत नसे. तो कसा आला, हे रोल धुऊन येईपर्यंत कळतही नसे.

मालेगावात माझ्या मामूंचा एक छोटा फोटो स्टुडिओ होता. सुट्टीत मी नानीकडे गेले, की दिवसभर त्या दुकानात बसे. काचेच्या कपाटात रोलचे डबे ओळीने मांडलेले असत. कोडॅकचे पिवळे, फूजीचे हिरवे. मला वाटे, फिल्म म्हणजे फिल्म. डब्याचा रंग तेवढा वेगळा!

एकदा मी मामूंना तसे म्हणाले, तेव्हा ते हसले. म्हणाले, "बेटा, सगळ्या फिल्म सारख्या असत्या, तर डब्यावर नंबर कशाला छापला असता?"

मग त्यांनी मला नंबरचा अर्थ समजावून सांगितला. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अगदी बारीक कण असतात. त्यांच्यावर प्रकाश पडला, की चित्र उमटते. कण मोठे असले, तर थोड्या प्रकाशातही काम होते. कण बारीक असले, तर प्रकाश जास्त लागतो. 100 नंबरच्या फिल्मला जेवढा प्रकाश लागतो, त्याच्या निम्मा 200 नंबरला पुरतो आणि चौथा हिस्सा 400 नंबरला. म्हणून 400 नंबरची फिल्म वेगवान आणि 100 नंबरची मंद.

"मग मंद फिल्म कोण विकत घेईल?" मी विचारले.

मामूंनी दोन मोठे फोटो काढून माझ्यासमोर ठेवले. एक 400 वर काढलेला, दुसरा 100 वर. पहिल्या फोटोत वाळू पसरावी तसे दाणे दिसत होते. दुसऱ्यात एका म्हाताऱ्या विणकराच्या हातावरच्या रेषासुद्धा मोजता येत होत्या. मामू म्हणाले, "मंद फिल्मला उजेड जास्त लागतो, वेळ जास्त लागतो. पण ती जे पाहते, ते बारकाईने पाहते."

मोठी झाल्यावर मी फिल्मविषयी बरेच वाचले. तेव्हा कळले, की जगातल्या मोठ्या छायाचित्रकारांच्याही आवडीच्या फिल्म ठरलेल्या असत. वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांना ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म प्रिय होती. 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी ती 1954 साली आली. रस्त्यावरची धावपळ असो की अंधारी खोली, ती साथ सोडत नसे. डोंगर, जंगल आणि फुले टिपणाऱ्यांना 1990 साली आलेली व्हेल्व्हिया आवडे. तिचा नंबर फक्त 50. तिच्यावर हिरवा रंग अधिक हिरवा आणि लाल अधिक लाल दिसतो. पण तिच्यावर माणसाचा चेहरा काढला, तर तो उगाच लालसर होतो! माणसांच्या चेहऱ्यांसाठी, लग्नकार्यांसाठी 1998 साली पोर्ट्रा नावाची फिल्म आली. तिचे रंग सौम्य असतात आणि त्वचेचा रंग खरा वाटतो.

आपल्या देशातही फिल्म तयार होत असे. तमिळनाडूत उटी येथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी 1960 साली स्थापन झाली. तिच्या कृष्णधवल फिल्मचे नाव होते 'इंदू'. इंदू म्हणजे चंद्र. किती योग्य नाव! आता तो कारखाना बंद झाला आहे.

या सर्वांत नावाजलेली फिल्म म्हणजे कोडाक्रोम. ती 1935 साली बाजारात आली. ती शोधणारे दोघे, लिओपोल्ड मॅन्स आणि लिओपोल्ड गोडोव्स्की, हे मुळात संगीतकार होते. एक पियानो वाजवी, दुसरा व्हायोलिन. 1984 साली स्टीव्ह मकरी या छायाचित्रकाराने पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत, तंबूतल्या शाळेत, एका अफगाण मुलीचा फोटो काढला. हिरव्या डोळ्यांच्या शरबत गुलाचा तो फोटो जून 1985 मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर छापला गेला आणि जगभर गाजला. तो कोडाक्रोमवर काढला होता. त्या फिल्मचा नंबर होता 64. म्हणजे आमच्या शंभर नंबरपेक्षाही मंद! कोडाक्रोमचे उत्पादन 2009 साली थांबले. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सस राज्यातील पार्सन्स या गावी होती. तिनेही 2010 च्या अखेरीस नवे रोल घेणे बंद केले.

आता मी तुम्हांला माझी एक चूक सांगते.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नानीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. नानीने कधी हौसेने फोटो काढून घेतला नव्हता. त्या दिवशी मात्र ती पांढरी ओढणी घेऊन खिडकीपाशी बसली आणि मामूंना म्हणाली, "चल, काढ माझा फोटो. पण तो लखलखाट नको रे बाबा, डोळ्यांना सोसत नाही."

संध्याकाळ होत आली होती. फ्लॅश नाही, म्हणजे खिडकीच्या उजेडावरच फोटो काढायचा. मामूंनी मला हाक मारली, "400 चा रोल भर."

रोल भरायला मी नुकतीच शिकले होते. घाईघाईत मी कपाटातून पिवळा डबा घेतला, रोल भरला आणि ऐटीत म्हणाले, "भरला!" मामूंचा कॅमेरा जुना होता. आत कोणती फिल्म आहे, हे त्याला आपोआप कळत नसे. वरची चकती फिरवून नंबर लावावा लागे. मामूंनी चकती 400 वर लावली आणि नानीचे दोन फोटो काढले.

मी भरलेला रोल 100 नंबरचा होता.

तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे 36 फोटो पुरे झाल्याशिवाय रोल बाहेर काढत नसत. तो पुरा होण्याआधीच नानी आजारी पडली आणि आम्हांला सोडून गेली. काही दिवसांनी रोल धुऊन आला. नानीचे दोन्ही फोटो काळपट, मातकट आले होते. खिडकी दिसत होती, ओढणीची कडा दिसत होती. चेहरा मात्र अंधारात बुडाला होता. निगेटिव्हच्या काठावर 100 हा आकडा स्पष्ट छापलेला होता. तो वाचून मी रडू लागले. म्हणाले, "मामू, ही फिल्मच खराब आहे!"

मामू बराच वेळ बोलले नाहीत. त्यांचीही ती आईच होती. मग हळूच म्हणाले, "फिल्म खराब नाही, बेटा. तिला चौपट उजेड हवा होता. तो आपण दिला नाही. तू डबा पाहिला नाहीस, मीही विचारले नाही."

पुढे मी बी.एड. झाले आणि शिक्षिका म्हणून वर्गावर जाऊ लागले. पहिल्या वर्षी मागच्या बाकावर एक मुलगी बसत असे. मराठीत प्रश्न विचारला, की ती उभी राही आणि गप्प होई. मी क्षणभर थांबे आणि पुढच्या मुलीकडे वळे. 'ही मंद आहे,' असे मी मनात ठरवून टाकले होते.

एकदा मी 'माझे घर' या विषयावर निबंध लिहायला दिला. सर्वांनी तासाभरात वह्या दिल्या. तिने दुसऱ्या दिवशी दिली. निबंधात तिच्या घरातल्या यंत्रमागाचा आवाज होता, अब्बांच्या केसांत अडकलेला कापूस होता, आणि वीज गेल्यावर अचानक पसरणारी शांतता होती. वर्गातल्या कोणीही इतके बारकाईने लिहिले नव्हते.

वही हातात धरून मी बसून राहिले. मला मामूंचे बोल आठवले. पुन्हा तीच चूक! फिल्म शंभर नंबरची होती आणि मी चकती 400 वर लावून बसले होते. दुसऱ्या दिवसापासून मी तिला प्रश्न विचारला, की थांबू लागले. ती उत्तर देई. उशिरा देई, पण पूर्ण देई.

मित्रांनो, तुमच्यात काही जण वेगवान असतील. ते चांगलेच आहे. अंधारात तेच उपयोगी पडतात. पण कोणाला समजायला वेळ लागत असेल, तर त्याने स्वतःला कमी समजू नये. न लाजता थोडा अधिक वेळ मागावा. आणि आपल्या शेजारच्या बाकावर असा कोणी असेल, तर त्याला तो वेळ द्यावा.

नानीचा तो काळपट फोटो मामूंनी टाकून दिला नाही. आजही तो त्यांच्या घरात भिंतीवर आहे. दिव्यापासून दूर उभे राहून पाहिला, तर त्यात काहीच दिसत नाही. अगदी जवळ जाऊन थोडा वेळ पाहत राहिले, की हळूहळू नानीचे डोळे दिसू लागतात.