एंजलच्या अंगावरचा डाग

माणसाचा वैद्य नाडी पाहतो आणि रोग्याला चार प्रश्न विचारतो. गुरांचा वैद्य निदान गुराख्याची कैफियत तरी ऐकून घेतो. परंतु काचेआड पोहणाऱ्या माशाची जबानी घेण्याची सोय कोणत्याही शास्त्राने अद्याप करून ठेवलेली नसल्यामुळे, घरच्या मत्स्यपेटीतील मासा आजारी पडला म्हणजे पंचही आपणच आणि तपासनीसही आपणच, अशी मालकाची अवस्था होते. ठाण्याच्या कचेरीत अव्वल कारकून म्हणून उमेदीची वर्षे दप्तरे चाळण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या मनुष्यास हे काम वास्तविक जड जाऊ नये. तथापि गेल्या मार्गशीर्षात आमच्या एका एंजल माशाने जे कोडे घातले, ते सुटेपर्यंत माझी झोप तर गेलीच, पण घरच्या मंडळींच्या सहनशीलतेचीही कसोटी लागली.

आमचे शांती नगर म्हणजे मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस, ऐंशीच्या दशकात, मिठागरे आणि खाजणे यांच्या शेजारी उभी राहिलेली वसाहत. मीरा-भाईंदरची नगरपरिषद 1985 साली स्थापन झाली आणि 2002 साली तिची महानगरपालिका झाली, म्हणजे आमची वस्ती आणि तिचा कारभार पाहणारी कचेरी या जवळपास एका वयाच्या. येथील सेक्टरांना नावे नाहीत, आकडे आहेत. आणि इमारती एकमेकींच्या इतक्या निकट आहेत की समोरच्या घरातील कुकरच्या शिट्ट्या आमची मंडळी मोजतात. अशा ठिकाणी बागेची हौस तुळशीच्या कुंडीवर आणि पशुपालनाची हौस मत्स्यपेटीवर भागवावी लागते. मला ती हौस लागली बालपणी. चर्नी रोड स्थानकाजवळ 1951 साली सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात वडिलांचे बोट धरून गेलो असताना, हिरवट उजेडात स्वस्थ तरंगणारे ते चपटे, उंच परांचे जीव पाहून मी जागचा हलेना, तेव्हा वडिलांना मला अक्षरशः ओढून बाहेर काढावे लागले होते. सेवानिवृत्तीनंतर प्रथम केले ते हे की, बैठकीच्या खोलीत तीन फुटी पेटी मांडली.

पेटी ज्याला शौकीन लोक ‘कम्युनिटी टँक’ म्हणतात त्या जातीची. म्हणजे एकाच पाण्यात निरनिराळ्या कुळांचे मासे. त्यात दोन एंजल, गोरामीचे एक जोडपे, काळ्या-पांढऱ्या मॉली, ब्लॅक विडो टेट्रांचा एक चंचल थवा आणि काचेवरचे शेवाळ खावे या हेतूने आणलेला एक सकर. आमच्या नळाला येणारे पाणी उल्हास नदीचे. ते शुद्ध होऊन, क्लोरीन मिसळून येते. हा क्लोरीन माणसांना हितकारक असला तरी माशांच्या कल्ल्यांना पोळतो, म्हणून बदलीचे पाणी मी पिंपात भरून ठेवतो आणि त्यात हायपो घालतो. पूर्वी हा हायपो फोटो धुणाऱ्यांकडून खड्यांच्या रूपात मिळे. आता तोच अँटी-क्लोरीन या नावाने बाटलीतून मिळतो. सांगण्याचा मुद्दा एवढाच की, पाण्याच्या बाबतीत आमच्या घरी हयगय नव्हती.

असे असता एके दिवशी सकाळी दोन एंजलांपैकी थोरला फिल्टरच्या नळीमागे पर मिटून उभा दिसला. खाणे टाकताच जो सर्वांच्या आधी वर झेपावयाचा, त्याने त्या दिवशी मान वळवून, किंबहुना माशाला मान नसल्यामुळे अंग वळवून, पाहिलेदेखील नाही. भिंग घेऊन जवळ गेलो तेव्हा त्याच्या उजव्या कुशीवर, पाठीच्या पराखाली, अंगठ्याच्या नखाएवढा फिकट डाग आढळला. त्या जागचे काही खवले विस्कटलेले, आणि माशाच्या सर्वांगावर जो बुळबुळीत, रक्षक थर असतो तो तेवढ्यापुरता खरवडून निघालेला. डागाची कड जवळपास वर्तुळाकार होती. ही गोष्ट मी त्याच वेळी वहीत टिपून ठेवली. तिचा अर्थ मात्र पुष्कळ पुढे लागला.

मीरा रोडला कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांची वाण नाही. माशांच्या विद्येचे पीठही फार दूर नाही. 1961 साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यिकी शिक्षण संस्था वर्सोव्यालाच आहे. परंतु एका एंजलला पिशवीत घालून लोकलच्या गर्दीतून तेथवर नेणे म्हणजे रोगाआधी रोग्यालाच संपविणे झाले असते. तेव्हा रंगीत मासे विकणारा दुकानदार हाच आमचा धन्वंतरी. पहिला म्हणाला, “काका, फंगस आहे. ब्ल्यूचे थेंब टाका, दोन दिवसांत साफ.” दुसऱ्याने अँटिबायोटिकची कॅप्सूल फोडून पाण्यात घालावयास सांगितले. तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी मूठभर खडेमिठाचा, त्यांच्या मते अनुभवसिद्ध, उपाय सुचविला. तिन्ही औषधे तीन निरनिराळ्या रोगांवरची होती, आणि तिघांपैकी एकानेही रोगी पाहिलेला नव्हता.

निदानापूर्वी औषध देऊ नये, हे माझे मत हट्टाचे म्हणून घरात बदनाम आहे. पण त्यामागे कारण आहे. मेथिलीन ब्ल्यू हे जुने, नामांकित औषध खरे, परंतु फिल्टरमध्ये जे उपकारक जंतू वस्ती करून माशांच्या विष्ठेतून निर्माण होणाऱ्या अमोनियाचे प्रथम नायट्राइट व मग निरुपद्रवी म्हणावे असे नायट्रेट करीत असतात, त्यांनाही ते सोडीत नाही. एका माशाच्या डागासाठी साऱ्या पेटीचा सफाईविभाग बरखास्त करावा, हे कोणत्या कारभारात बसते?

म्हणून मी एकेका रोगाची फाइल काढून ती बंद करण्याचा क्रम धरला. थंडीच्या दिवसांत पहिला संशय जातो तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर, ज्याला सारे शौकीन ‘इक’ म्हणतात. कोलकात्याकडून किंवा चेन्नईच्या कोलत्तूरहून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत प्रवास करून कुर्ल्याच्या बाजारात उतरलेल्या नव्या माशांबरोबर तो पुष्कळदा घरात शिरतो. त्याचा परजीवी माशाच्या त्वचेखाली राहून पुष्ट होतो, मग गळून तळाशी पडतो, तेथे एकाचे शेकडो होतात, आणि त्या पिल्लांना दिवसा-दोन दिवसांत नवा मासा सापडला नाही तर ती मरतात. औषध लागू पडते ते याच मोकळ्या पिल्लांना, त्वचेखालच्या परजीवीला नव्हे. आणि म्हणूनच ठिपके गळताच औषध थांबविणारे लोक आठवड्याभरात पुन्हा दुकानात दिसतात. परंतु हे ठिपके रव्याच्या दाण्याएवढे असतात, अनेक असतात, आणि बघता बघता सगळ्या माशांवर उमटतात. आमच्याकडे डाग एक आणि मासा एक. ती फाइल बंद झाली. टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहिले, अंगावर सोनेरी धुरळा नव्हता. तेव्हा मखमली रोगही नव्हे. तोंडाभोवती किंवा जखमेवर कापूस धरलेला नव्हता. या कापसाला दुकानांत सर्रास फंगस म्हणतात, पण पुष्कळदा ती जिवाणूंची करणी असते आणि तिचा वेग विलक्षण असतो. पोट फुगलेले नव्हते, खवले उभे राहिलेले नव्हते, जलोदरही बाद.

राहिले पाणी. परीक्षणाची नळी भरून थेंब टाकले, ती पिवळीच राहिली, म्हणजे अमोनिया नव्हता. नायट्राइटच्या चाचणीतही काही निघाले नाही. आणि पाणी बिघडले असते तर त्याची दवंडी मॉलींनी आधी पिटली असती. येथे पाहुण्यांची एक गंमत सांगितली पाहिजे. आमच्या घरी येणारा प्रत्येक जण गोरामीला पृष्ठभागी येऊन हवा घेताना पाहून ‘बिचाऱ्याचा जीव गुदमरतोय’ असे म्हणतो. वस्तुतः गोरामीला हवेतून श्वास घेण्याचे स्वतंत्र इंद्रियच आहे, आणि वर येणे हा त्याचा नित्यक्रम आहे. घाबरावयाचे ते मॉली वर येऊन तोंडे उघडू लागल्या म्हणजे. त्या तर मजेत होत्या.

माझी पत्नी हे सारे चष्म्यावरून पाहात होती. “अहो,” ती म्हणाली, “माझे गुडघे कधीचे दुखताहेत. त्यांचाही एकदा असाच पंचनामा करा.”

संशयितांत आता सहनिवासी उरले. ब्लॅक विडो टेट्रांची लांब परांना चावे घेण्याची खोड प्रसिद्ध आहे, आणि एंजलचे पर म्हणजे त्यांच्यापुढे वाढलेले ताटच. परंतु एंजलचे पर शाबूत होते आणि इजा कुशीवर होती. मग मी एक तजवीज केली. पेटीतलेच पाणी एका पांढऱ्या बादलीत भरले, हवेचा दगड सोडला, आणि एंजलला त्यात हलविले. औषधाचा थेंबही घातला नाही. उद्देश असा की, पाणी तेच, हवामान तेच. फरक पडावयाचा तो केवळ संगतीचा. आणि फरक पडला! मासा सरळ उभा राहू लागला, पर उघडले, डागाची कड आत सरकू लागली, आणि लवकरच तो माझ्या बोटांतून अन्न टिपू लागला. समाधानाने त्याला पुन्हा पेटीत सोडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या कुशीवर तसाच नवा, ताजा, गोल डाग.

रोग असता तर तो बादलीतही वाढला असता. याच सुमारास उत्तनची आमची नेहमीची कोळीण मावशी पाटी घेऊन दारी आली. बोंबील-मांदेलीचा हिशेब उरकल्यावर तिने आपण होऊन पेटीपाशी येऊन एंजलला न्याहाळले, आणि मासा पाहण्यात जन्म घालविलेल्या नजरेने क्षणात शेरा मारला: “डोला साफ हाय, कल्ले लाल हायत. ह्यो रोग नाय, बाय. ह्याला रातचा कोनीतरी खातो.” ‘रातचा’ हा शब्द तिने सहज वापरला असेल, पण माझी सारी निरीक्षणे दिवसाउजेडी केलेली होती, ही उणीव त्या शब्दाने उघडी पडली. डाग तर प्रत्येक वेळी सकाळीच दिसत होता.

त्या रात्री नातू आणि मी पहाऱ्यास बसलो. उजेडाने मासे बिचकू नयेत म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला. दिवे मालवल्यावर पेटीचे जग पालटले. टेट्रा झाडांत विखुरल्या, मॉली तळाशी टेकल्या, आणि दोन्ही एंजल फिकट पडून मध्यभागी निश्चल तरंगू लागले. माशाला पापण्या नसल्याने तो झोपला की जागा आहे हे केवळ त्याच्या स्थिरतेवरून ओळखावयाचे. बराच वेळ काही घडले नाही. मग नातवाने माझा दंड दाबला. “आजोबा, तो बघा, निघाला!”

ओंडक्यामागून सकर बाहेर पडला. आणला तेव्हा बोटाएवढा असलेला तो प्राणी आता वीतभर झाला होता. काचेवरून सरकत तो एंजलच्या पातळीपर्यंत आला, क्षणभर थांबला, आणि अंग झोकून देऊन त्याने आपले चूषक तोंड झोपलेल्या एंजलच्या कुशीवर लावले. एंजल दचकून गिरकी घेऊन सुटला, अंधारात दिशा न कळून काचेवर आपटला, आणि पुन्हा स्थिर झाला. थोड्या वेळाने सकर पुन्हा आला. त्या वर्तुळाकार कडेचा उलगडा आमच्या डोळ्यांदेखत झाला. एंजल आणि डिस्कस यांसारख्या चपट्या, संथ माशांच्या अंगावरचा पौष्टिक बुळबुळीत थर वाढत्या वयाच्या सकराला एकदा गोड लागला की तो त्याला चटावतो, ही गोष्ट जुन्या शौकिनांना माहीत आहे. दुकानात मात्र ती कोणी सांगत नाही, कारण तेथे सकर विकला जातो तो काच पुसणारा गडी म्हणून.

गडी म्हणून आणलेल्या जिवाची भूक काचेवरच्या शेवाळाच्या वेतनावर भागेल, असे गृहीत धरणारा व्यवहारच मला चुकीचा वाटतो. हा मासा पूर्ण वाढला म्हणजे फूटभर किंवा त्याहूनही लांब होतो. रात्री काकडीच्या चकत्या आणि बुडणाऱ्या गोळ्या देऊन पाहिल्या. त्या त्याने खाल्ल्या आणि एंजलकडेही गेला. अखेर त्याची बदली करणे प्राप्त झाले. सकर गेला, आणि एकही औषध न वापरता एंजलचे दोन्ही डाग भरून आले. उजव्या कुशीवर थोडा फिकेपणा तेवढा राहिला आहे.

सकराचे काय करावे, याविषयी इमारतीत दोन मते होती. जेसल पार्कच्या खाडीत किंवा एखाद्या तळ्यात सोडून द्यावा, जीव वाचविल्याचे पुण्य लागेल, असे बहुतेकांचे म्हणणे पडले. मी ते मानले नाही. मूळचा दक्षिण अमेरिकेतला हा मासा अशाच पुण्यवंतांच्या हातून सुटून देशातील अनेक नद्या-तळ्यांत पसरला असून उजनीच्या जलाशयातही पोहोचला आहे. तो काठच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. नुकसान होते ते मच्छीमारांचे. आमचा सकर एका दुकानदाराने मोठ्या माशांच्या हौदासाठी परत घेतला. ज्यांच्या घरी सकर आहे त्यांना माझी विनंती एवढीच की, त्याच्या पेटीत एंजल ठेवू नयेत, आणि तो मोठा झाला म्हणून त्याला तळ्यात नेऊन सोडू नये. दुकानदाराला परत द्यावा, तो बहुधा नाही म्हणत नाही.