सव्वा महिन्यानंतर

आमच्याकडे बाळंतिणीची खोली लागली की घरातल्या निम्म्या वस्तू तिकडे चालत्या होतात. शेगडी, ओवा, वेखंड, बाळंतशेपा, डिंकाच्या लाडवांचा डबा, जुन्या लुगड्यांच्या मऊ घड्या, तेलाची वाटी, आणि बाहेरचे काही येऊ नये म्हणून उशाशी एखादे लोखंड. पाचवीला सटवाईची पूजा होते. मग सव्वा महिना अंगाला तेल, डोक्याला फडके, कानात कापूस. बाळंतिणीची कंबर, तिचे पोट, तिचे दूध यांची काळजी आमच्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या इतक्या बारकाईने वाहिली आहे की त्या शास्त्राला मी नावे ठेवणार नाही. माझी दोन्ही बाळंतपणे त्यावरच निभावली. परंतु त्या खोलीत "तुला कसे वाटते ग?" असे विचारणारे कोणी नसते. विचारलेच तर उत्तर कंबरेविषयी अपेक्षित असते.

मी वसमतची, एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातली थोरली सून. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला आणि आमचा तालुका तिकडे गेला. तरी 'जिल्ह्याचा दवाखाना' म्हटले की आमच्या सासूबाईंच्या डोळ्यांपुढे अजून परभणीच येते. माझ्या धाकट्या जावेचे दुसरे बाळंतपण माघात, आमच्याच घरी झाले. तिचे नाव इथे लिहीत नाही. आपले सारे छापायला तिने मला परवानगी दिली आहे, तेवढे एक राखून.

दुसरीही मुलगीच झाली. घरात कोणी वाईट शब्द काढला नाही, हे मी शपथेवर सांगेन. मात्र "लक्ष्मी आली हो!" हे म्हणण्याचे दोन सूर असतात, आणि भेटायला येणाऱ्या दहा बायकांतल्या सातजणींचा सूर दुसरा होता. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून निजली असली तरी तिला सूर कळतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती रडू लागली, तेव्हा मला काही वाटले नाही. त्या दिवसांत बहुतेकींना रडू येते. मलाही आले होते. आठवडा-दोन आठवड्यांत ते आपोआप ओसरते. हिचे ओसरले नाही. बाळ निजले तरी ही टक्क जागी. समोरचे ताट तसेच गार व्हायचे. पोरीला पाजायची, पण कोणा परक्याचे मूल सांभाळायला घेतल्यासारखी. आमच्या वाड्यामागे हळद शिजत होती, वाफेचा वास घरभर; एरवी या दिवसांत हिशेबाच्या वहीत मान घालून बसणारी, चुकीची बेरीज लांबून ओळखणारी ही बाई, मला म्हणायची, "ताई, मला काही जमत नाही." तेच वाक्य, दिवसातून दहादा.

निदाने पुष्कळ झाली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या उतरवल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मुलगी झाली ना, म्हणून तोंड पाडलेय." एका खाजगी दवाखान्यात (गावाचे नाव नको) टॉनिकची बाटली मिळाली आणि वर "घरात लाड फार होतात वाटते," असा शेराही. टॉनिक गोड होते. थोरल्या पोरीने ते निम्मे संपवले.

मग एका रात्री ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी नसले तर बरे होईल. दोघी तुमच्याकडे नीट वाढतील." आवाजात रडू नव्हते. त्याच रात्री मी माझे अंथरूण तिच्या खोलीत नेले आणि पुढे दोन महिने ते तिथेच राहिले.

हा प्रकार नवा नाही आणि आपल्याच घरी झालेला नाही, हे मला नंतरच्या वाचनातून कळले. लुई-व्हिक्तोर मार्से नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १८५८ मध्ये गरोदर बायका आणि बाळंतिणी यांच्या मनोविकारांवर अख्खा ग्रंथ लिहिला होता. एवढे लांब कशाला, आपल्या शेजारी गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २५२ बाळंतिणींची पाहणी केली आणि ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या २३ टक्के बायका नैराश्यात होत्या. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव, आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही त्यांना सापडलेली कारणे. सासूबाईंना मी हे वाचून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे चार-पाचजणींत एक. मग आमच्या वेळच्या कुठे गेल्या?" आणि त्यांनी स्वतःच त्यांच्या माहेरच्या एका बाईची गोष्ट सांगितली, जिच्याबद्दल सगळे 'बाळंतवाताने गेली, विहिरीजवळ पाय घसरला' असेच सांगत आले होते.

वाट सापडली ती आशाताईंमुळे. दवाखान्यात बाळंतपण झाले की बेचाळीस दिवसांत आशाताईंच्या सहा फेऱ्या घरी होतात. बाळाचे वजन, ताप, नाळ, दूध हे सारे पाहून त्या वहीत नोंदवतात. गंमत अशी की त्यांचा बेचाळिसावा दिवस आणि आमचा सव्वा महिना जवळजवळ एकदमच संपतो. शेगडी निघते, फेऱ्या थांबतात, तिसऱ्या महिन्यापर्यंत कोणी येत नाही. या आजाराला नेमकी हीच सवड मिळते. शेवटच्या फेरीला बाळाचे वजन उत्तम भरले. आशाताई खूश होत्या. मी त्यांना अंगणात गाठून सांगितले, "बाळ ठीक आहे हो, आई ठीक नाही."

त्यांना फोड करून सांगावे लागले नाही. २०१५ साली सरकारने मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबवण्यासाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, हिंगोली त्यातलाच. त्या कामात आशाताईंनी घरोघर जाऊन झोप लागते का, जीव नकोसा होतो का, असे प्रश्न विचारले होते. कर्त्या पुरुषाला विचारायचे ते प्रश्न बाळंतिणीलाही लागू पडतात, एवढेच. त्यांनी मला एक नंबर दिला, १४४१६. 'टेली मानस' ही सरकारी सोय १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, बिनपैशाची, आणि मराठीत.

रात्री अकराला मी माजघराचे दार लोटून फोन लावला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, माझ्या भाचीच्या वयाचा. पण विचारणे पक्के होते. ती स्वतःला किंवा बाळाला काही करील असे वाटते का? कानाला आवाज येतात का, भलतेसलते दिसते का? (हजारात एखाद-दुसरीला तसे होते, आणि मग उद्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा असतो.) तसे काही नव्हते. "फोन त्यांच्याकडे द्याल का?" जाऊ तीन मिनिटे बोलली असेल, त्यातली दोन नुसता हुंदका. तिला एकटे ठेवू नका आणि लवकरात लवकर हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात घेऊन जा, असे त्या मुलीने मला सांगितले.

वसमतहून नांदेड जवळ पडते, हिंगोली लांब. पण नांदेडला आमचे निम्मे नातेवाईक राहतात, म्हणून हिंगोलीच बरी ठरली! वेड्याच्या डॉक्टरकडे सून नेली, हे नांदेडच्या मावशींना दुपारी कळले असते तर संध्याकाळी परभणीला पोहोचले असते. शेजाऱ्यांना आम्ही सांगितले, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जातो. ते खोटेही नव्हते. हिंगोलीची गाडी औंढ्यावरूनच जाते. उतरलो, दर्शन घेतले, पुढची गाडी धरली.

सासूबाई बरोबर आल्या, त्या विरोध म्हणून. "बोलून कुठे आजार बरा होतो?" हे वसमतपासून औंढ्यापर्यंत, आणि "गोळ्या दुधातून पोरीला जातील," हे औंढ्यापासून हिंगोलीपर्यंत. मला त्यांचा रागही येईना. दुसरा प्रश्न तर अगदी रास्त होता, आणि त्यांनी तो मनोविकारतज्ज्ञांना थेट विचारला. डॉक्टरांनी खुर्ची ओढून त्यांना समोर बसवले. अंगावर पाजणाऱ्या आईला देण्यासारखी औषधे आहेत, ती दुधात फार थोडी उतरतात, बाळाकडे लक्ष कसे ठेवायचे, आणि गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात तेव्हा मध्येच सोडायचे नाही. आपला प्रश्न डॉक्टरने मनावर घेतला, या एका गोष्टीने सासूबाईंचा निम्मा विरोध तिथेच गळाला.

मानसशास्त्रज्ञ बाईंनी आधी दहा प्रश्न विचारले. एडिंबरो शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही प्रश्नावली १९८७ ची. गेल्या सात दिवसांत हसू आले का, विनाकारण दोष स्वतःकडे घेतला का, अशी तिची तऱ्हा. शेवटचा प्रश्न जिवाविषयी. मग आम्हाला बाळासकट बाहेर बसवले. पाऊण तासाने जाऊ बाहेर आली ती डोळे सुजवून, पण बाकावर बसल्याबरोबर म्हणाली, "चहा मिळेल का?" पाच आठवड्यांत तिने आपणहून काही मागितले ते हे पहिले.

पुढे दर पंधरवड्याला फेरी झाली, मधल्या दिवसांत फोन. लोकांना वाटते तिथे काही गूढ चालते. तसे काहीच नसते. "मला काही जमत नाही" हे वाक्य मनात आले की त्या दिवशी काय काय जमले ते मोजायचे. सकाळी पाव तास अंगणात उन्हाला बसायचे. रात्री सलग चार तास झोप, ही तर औषधासारखी लिहून दिलेली. त्यासाठी पुढच्या खेपेला भाऊजींना बोलावून घेतले आणि त्यांना काम नेमून दिले. रात्री नवाला पाजून झाले की एकपर्यंत पोर बापाजवळ. हळकुंड मोडून भाव सांगणारा हा माणूस पहिल्या रात्री दुपटे गुंडाळताना घामाघूम झाला. आठवड्याभरात त्यांना मूल निजवण्याची अशी युक्ती साधली की आता ते आम्हाला शिकवतात.

हे काम करायला प्रत्येक वेळी मोठा तज्ज्ञच लागतो असेही नाही. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्याच आरोग्यसेविकांना हे शिकवले. त्यांच्या २००८ च्या अभ्यासात, या सेविका ज्यांच्याकडे जात होत्या त्यांतल्या सहा महिन्यांनी २३ टक्के बायका अजून आजारी होत्या. नुसत्या नेहमीच्या फेऱ्या झालेल्यांत ५३ टक्के. गोव्यात तर शेजारपाजारच्या बायकांना शिकवून तेच करून पाहिले. आमच्या आशाताईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "शिकवा की, आम्ही कुठे नाही म्हणतो? पण वहीत रकाना तर पाहिजे." रकाना नाही, तरी आता त्या बाळाचे वजन घेताना आईकडे पाहून एक-दोन प्रश्न जास्त विचारतात. आमच्या गल्लीतल्या आणखी एका सुनेला घेऊन तिचा नवरा नुकताच 'औंढ्याला' जाऊन आला.

जावेला उतार पडला तो एकदम नव्हे. चार दिवस बरे, दोन वाईट. ज्येष्ठात एकदा ती माझ्यावर कडाडली, मी हळदीच्या हिशेबात क्विंटलाचा आकडा चुकीचा मांडला म्हणून, सासूबाई देवघरातून ओरडल्या, "आली, आली माझी सून परत!" गोळ्या मात्र बरे वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवायच्या आहेत. सासूबाईंनी त्या आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या डबीत, शेजारच्या कप्प्यात ठेवल्या आहेत, आणि रात्री जेवण झाले की दोघी एकाच तांब्यातले पाणी घेऊन आपापली गोळी घेतात.