आजीची कवळी आणि भूल

"डॉक्टर, या वयात भूल झेपेल ना?" ऑपरेशन थिएटरच्या दारात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या डोक्यात हार्ट असतं. टूडी इको झालेला असतो, रिपोर्ट फायलीत लावलेला असतो. आम्हा भूलतज्ज्ञांचं लक्ष मात्र आधी पेशंटच्या तोंडाकडे आणि मानेकडे जातं.

पूर्ण भूल देताना स्नायू सैल करायचं औषध दिलं की श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत तोंडावर मास्क धरून, फुगा दाबून श्वास आम्ही द्यायचा. आधी ऑक्सिजन देऊन फुप्फुसात साठा करून ठेवतो, पण म्हाताऱ्या माणसाचा साठा लवकर संपतो. त्यात दात नसलेल्या आजीचे गाल आत गेलेले, मास्क नीट बसत नाही, बाजूने हवा सुटते. गंमत म्हणजे बोळक्या तोंडात नळी घालणं बहुधा सोपं जातं, तोवर श्वास देणं अवघड. खरी धास्ती असते ती उरलेल्या एक-दोन हलत्या दातांची. आयुष्यभर मिश्री लावलेल्या कितीतरी आज्यांचे दात असेच लोंबकळत असतात. तो निखळून श्वासनलिकेत गेला तर एक ऑपरेशन सोडून दुसरंच सुरू! सुपारी-तंबाखूवाल्या आजोबांचं तोंडच दोन बोटांपलीकडे उघडत नाही. मणक्यांच्या झिजेने मान मागे जात नाही, ते वेगळंच.

आणि कवळी. "खोटे दात आहेत का?" असं सुनेसमोर विचारलं की आजी नाही म्हणते. म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढून विचारतो. पूर्ण कवळी असेल तर कधी कधी मास्क नीट बसावा म्हणून नळी घालेपर्यंत ती तशीच ठेवतो. तारेने अडकवलेला एखादा सुटा दात मात्र आधीच निघालेला बरा. पण हे ठरवायला मला ते आधी कळायला तर हवं! तीच गोष्ट सकाळच्या चहा-बिस्किटाची. "उपाशीपोटी गोळी कशी देणार?" म्हणून प्रेमाने दिलेलं असतं आणि कुणी सांगत नाही. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं हो, दुधाचा चहा नाही. भरलेल्या पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं, आणि या वयात ठसका लागून ते बाहेर टाकायची ताकदही कमी झालेली असते.

या सगळ्याला आदल्या दिवशीची दहा मिनिटं लागतात. तालुक्याच्या गावी ती मिळत नाहीत. भूलतज्ज्ञ एका हॉस्पिटलमधून दुसऱ्याकडे पळत असतो, पेशंटची पहिली भेट टेबलावरच. जागतिक आरोग्य संघटनेची 2008 ची सर्जरीची चेकलिस्ट भूल देण्याआधीच विचारते, श्वासमार्ग अवघड आहे का? मी ती ऑपरेशन संपल्यावर टिकमार्क करून भरताना पाहिली आहे.

दुसरी गोष्ट कॅप्नोग्राफची. नळी श्वासनलिकेत आहे की चुकून अन्ननलिकेत, हे सगळ्यात भरवशाने सांगतो तो उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड, आणि तो दाखवतं हे यंत्र. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर उशिरा बोंब मारतो. ब्रिटनमध्ये 2011 साली श्वासमार्गाच्या अपघातांचा मोठा अहवाल निघाला, त्यात आयसीयूतल्या मृत्यूंमागे कॅप्नोग्राफ न वापरणं हे मोठं कारण दिसलं. आपल्याकडे लॉबीत ग्रॅनाइट, माशांची टाकी आणि आत कॅप्नोग्राफ नाही, अशीही हॉस्पिटलं आहेत. पॅकेजचा आकडा आपण तीनदा विचारतो. "भूलतज्ज्ञ आधी तपासणार का, कॅप्नोग्राफ आहे का" हेही विचारा की. एखादा डॉक्टर चिडेल, चिडू दे.

आणि ऑपरेशननंतरचे पहिले काही तास. म्हाताऱ्या शरीरात औषधाचा अंमल रेंगाळतो, जीभ मागे पडते, श्वासाची वाट अडते. खाटेजवळ बसलेल्या मुलाला मी प्रत्येक वेळी सांगतो, आजोबा घोरायला लागले तर "दमलेत, झोपू दे" म्हणून मोबाईलमध्ये डोकं घालू नकोस. त्यांना हाक मार, आणि लगेच सिस्टरला बोलाव.