शिकाऊ विमान

रब्बी निघाली, पऱ्हाट्या उपटून झाल्या, की पहूर गावचं काळं रान मोकळं पडतं. सकाळी वाघूर नदीच्या बाजूला वारा पडलेला असतो. हीच या रिमोटवरच्या शिकाऊ विमानाची वेळ. ऊन चढलं, वावटळी उठू लागल्या, की त्याला घरी न्यावं.

मीटरभराचे पंख, हलका फोम, नाकावर छोटी मोटर. पंख पाठीवर रबरबँडने बांधलेले. आपटलं की रबर सुटतं, पंख बाजूला होतो, सहसा मोडत नाही. मार कसा खायचा, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

शिस्तीला मात्र कडक. आधी रिमोट चालू, मग विमानाची बॅटरी जोडायची. उतरल्यावर आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद. उडवण्याआधी पंखांखाली दोन बोटं टेकवून तोल बघायचा. पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर विमान सपाट राहिलं पाहिजे. नाक जरासं झुकलं तर चालतं, शेपटी जड झाली की ते कुणाचंच ऐकत नाही.

वाऱ्याच्या तोंडावर सरळ सोडलं की ते अलगद चढतं. नवख्याचा अंगठा मात्र रिमोटच्या स्टिकवर स्वस्थ बसत नाही. जरा झुकलं की ओढ, जरा वळलं की दाब. विमान हेलकावे खाऊ लागतं. "सोड ना भो, स्टिक सोड!" शेजारचा ओरडतो. स्टिक मध्ये येते आणि विमान आपलं आपण सरळ होतं. त्याच्या पंखांची टोकं किंचित वर उचललेली असतात. एक बाजू कलली की खालच्या पंखाला हवेचा आधार जास्त मिळतो आणि तो वर येतो. सावरण्याचं निम्मं काम त्याने स्वतःकडे ठेवलेलं असतं.

ते समोरून आपल्याकडे येतं, तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. भलेभले इथेच गडबडतात. जो पंख खाली गेला, त्याच बाजूला स्टिक ढकलायची, म्हणजे तो उचलला जातो. उतरताना जमीन जवळ आली की भीतीने नाक वर ओढावंसं वाटतं. तसं केलं की वेग मरतो आणि ते धपकन खाली येतं. नाक थोडं खाली ठेवून वेग राखला, की नांगरटीतही ते नीट टेकतं.

लांब जाण्याचा त्याला सोस नाही. २०२१च्या ड्रोन नियमांतही मॉडेल म्हणजे डोळ्यांच्या टप्प्यात उडवायचं, २५ किलोपर्यंतचं यान. हायवे, विजेच्या तारा आणि माणसं यांपासून त्याला दूरच ठेवायचं.

पुढे वेगवान, कसरती करणारी विमानं येतील. त्यांना सावरायला हाताची चपळाई लागेल. पण हात कधी थांबवायचा, ते हेच विमान शिकवतं. म्हणून सुरुवात याच्यापासूनच करावी.