दाखला आणायला मीच पाठवलं

हैदराबादच्या मलकपेठ बाजारात महाराष्ट्रातून कांदा येतो, आणि कांद्यामागून माणसंही येतात. तिथल्या एका अडतीवर मी हिशेब लिहीत असे. २०१३च्या ऑगस्टमध्ये नांदेडकडचा एक हमाल म्हणाला, "काका, पोरीला शाळेत घालायचंय. मला तेलुगू येत नाही, तुम्ही येता का?" पोरगी नऊ वर्षांची, गावी तिसरी झालेली.

जवळच्या सरकारी शाळेत गेलो. शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्माचा कागद नाही, आणि प्रवेश तर जूनमध्येच संपले, असं तिथले शिक्षक म्हणाले. शांतपणे म्हणाले, म्हणून मला तो नियमच वाटला. जन्मभर कागद सांभाळलेला माणूस मी. पोरीच्या बापाकडे वळून म्हणालो, "त्यांचं बरोबर आहे. गावी जाऊन दाखला घेऊन ये." तो मला वकिली करायला घेऊन गेला होता, आणि मी पलीकडच्या बाजूने बोललो.

रोजी बुडवून तो दिवाळीत गावी गेला, तर शाळेला सुट्टी. दाखला हाती आला तेव्हा थंडी सरत आली होती. शाळेत म्हणाले, "आता पुढच्या जूनला या." तोवर मुलगी गोदामात आईबरोबर कांदा निवडायला बसू लागली. मी लिहायला बसायचो तिथून ती दिसायची. जूनमध्ये तेलुगू येत नाही म्हणून तिला पहिलीत बसवलं. दहा वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलांत किती दिवस बसणार? पावसाळ्यातच तिने शाळा सोडली.

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू होता. याच शहरातल्या, शांता सिन्हांच्या एम. व्ही. फाउंडेशनने कामावरची मुलं शाळेत आणली होती. २००३ साली त्यांना मॅगसेसे मिळाल्याची बातमी मी वाचलीही होती. तरी कायदा उघडून पाहिला तो फार उशिरा, दुसरं एक कुटुंब दारात आल्यावर. पाचवं कलम : दाखल्यासाठी प्रवेश अडवता येत नाही. चौदावं : वयाच्या पुराव्यासाठीही नाही. पंधरावं : उशीर झाला म्हणूनही नाही. चौथं कलम वाचताना मात्र मला पुढे वाचवेना. मागे राहिलेल्या मुलाला वयाला साजेशाच वर्गात घ्यायचं आणि जादा शिकवून बरोबरीला आणायचं, असं तिथे लिहिलं आहे.

हे मी तिच्या बापाला जाऊन सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मग तेव्हा का नाही बोललात, काका?" मला ठाऊक नव्हतं, आणि मी कुणाला विचारलंही नाही, हेच त्याचं उत्तर होतं. तेच दिलं.

आता कुणाबरोबर शाळेत गेलो तर अर्ज लिहून नेतो, कलमांसकट. नाही म्हणाले, तर तो नकार लेखी मागतो. त्यावर स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, हे बत्तिसावं कलम. आधार नाही म्हणून अडवलं, तर सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०१८चा निकाल सांगतो. बोलणं तेलुगूत होतं, पण दर वाक्यानंतर थांबून ते मी मुलाच्या आईबापांना मराठीत सांगतो आणि त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय उत्तर देत नाही.