गुडघाभर पाण्यात

जानेवारीत पाणी निवळ असलं, की फ्लोरिडाच्या पाम बीच परिसरात विमानातून खाली बघताना किनाऱ्याला खेटून काळसर ठिपक्यांचा पट्टा दिसतो. ते ब्लॅकटिप शार्क. उत्तरेचं पाणी गारठलं की हजारोंनी दक्षिणेला उतरतात आणि वसंतात माघारी फिरतात. अंगानं दीडेक मीटरचे, परांची टोकं शाईत बुडवून काढल्यासारखी. त्याच पाण्यात मेटल डिटेक्टरची कॉइल वाळूवरून फिरवत आम्हीही चालत असतो.

थोडं उत्तरेला गेलं की खजिन्याचा किनारा लागतो. 1715 च्या 31 जुलैच्या पहाटे हवानाहून स्पेनला निघालेल्या ताफ्यातली 11 जहाजं तिथे वादळात फुटली, शेकडो माणसं बुडाली. त्यांची नाणी वादळानंतर अजूनही किनाऱ्यावर सापडतात. पण बुडालेल्या जहाजांच्या जागी पाण्यात कुणीही उठून खणू शकत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्हाला हवी असते ती कालपरवाची अंगठी. गार पाण्यात बोटं आकसतात, सनस्क्रीननं बुळबुळीत होतात, लाटेचा हिसका बसतो आणि लग्नाची खूण निसटते. सोनं जड, हलत्या वाळूतून खाली खाली जात ते शिंपल्यांच्या घट्ट थरावर विसावतं. कॉइलच्या स्पंदांनी त्याच्यात क्षणभर वीज जागी होते आणि हेडफोनमध्ये सूर उमटतो.

हा शोध शार्कला उपजतच येतो. त्याच्या तोंडाभोवती जेलीनं भरलेली बारीक छिद्रं असतात. स्तेफानो लोरेन्झिनीनं 1678 मध्येच त्यांचं वर्णन करून ठेवलं. ती कशासाठी आहेत हे उमगायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. वाळूत दडलेल्या जिवाच्या अंगातली इवलीशी वीज शार्कला या छिद्रांतून कळते. हॅमरहेड तळाजवळून आपलं रुंद डोकं डावी-उजवीकडे झुलवत पाकट हुडकतो, तेव्हा मला आमचीच चाल आठवते. फरक इतकाच, की तो पोटासाठी शोधतो.

मालवणच्या बाजारात मी मोरी, म्हणजे शार्क, पाहिली होती ती पाटीत कापून ठेवलेली. जिवंत पाहिली ती इथे. जाळीच्या फावड्यात वाळू गाळत होते. उकरलेल्या खड्ड्यावर नेहमीप्रमाणे छोटे मासे जमले होते, आणि एकाएकी एकही उरला नाही. हेडफोनमध्ये काहीच नाही. दांड्यापासून दोन हातांवरून करडी पाठ सरकली, कुशीवरचा फिका पट्टा दिसला, शेपटीचा एक संथ हेलकावा, आणि संपलं. फावड्यात नुकतीच सापडलेली अंगठी मी मुठीत मिटली. गढूळ पाण्यात चकाकणारा धातू शार्कला माशाच्या खवल्यासारखा भासू शकतो. इथले बहुतेक चावे असल्याच गफलतीतून होतात: मासा समजून हातापायाला तोंड लावायचं आणि सोडून द्यायचं. मी पाय न उचलता, वाळूत घासत किनाऱ्याकडे निघाले. तसं चाललं की पाकटं आधीच बाजूला होतात.

तो माझ्यासाठी आलाच नव्हता. फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचे स्टीफन काजिउरा वर्षानुवर्षं या शार्कांची आकाशातून मोजदाद करत आले आहेत. त्यांच्या पाहणीत ड्रोननं टिपलंय, की मोठा हॅमरहेड मागे लागला की ब्लॅकटिप अगदी उथळात शिरतो, जिथे त्या थोराडाला वळायलाही जागा नसते. आपण ज्याला पाहून किनाऱ्याकडे धावतो, तो स्वतःच जीव वाचवायला किनाऱ्याकडे आलेला असतो. हे कळल्यापासून माझी भीती गेली नाही, पण त्याच्यावर माया जडली.

समुद्र तापला की हे शार्क इतक्या दक्षिणेला येईनासे होतात; काही हिवाळ्यांत त्यांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी घटली. अंगठ्या उन्हाळ्यातही सापडतात, पोहणाऱ्यांच्या गर्दीमुळे जास्तच. तरी मला जानेवारीचं ते गार पाणी हवं आहे, आणि ते त्यांच्यासकट हवं आहे.